तिसऱ्या घाईचे सोळा ठोके

सांगली, ६ ऑगस्ट १९७८

आबा,

मी अंजना. वरती तीर्थरूप, साष्टांग असलं काही लिहिलेलं नाही. ते वाचून होईस्तोवर तुम्ही उठून मेंढरांकडं चालायला लागाल, मला ठाऊक आहे. नानासो गुरुजी, पाकीट तुमच्या नावावर टाकलंय, पण पत्र आबांचं आहे. शाळेत तुम्ही मला म्हणायचात, "अंजने, हळू वाच, भिंत पडंल." आता तुमची पाळी. भिंत पडली तर पडू दे, मोठ्यानं वाचा. आणि आबा उठायला लागले तर आईला म्हणावं, दारात बस.

मला इथं येऊन दोन महिने झाले. कशी आहेस म्हणून तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. झकास आहे. कलामंडळानं वर्षाची उमेदवारी दिली ती मनुबाईंच्या हाताखाली. त्यांच्याकडं नाच बसवायला शिकायचं आणि खणभागात त्यांच्याच घरी राहायचं. मनुबाई मूळच्या वाईच्या. चाळीस वर्षं नाटक कंपन्यांमधून हिंडल्या, आता खुर्चीत बसून दुसऱ्यांना नाचवतात. आवाज असा, की गल्लीतली कुत्रीसुद्धा बाजूला होतात. मला त्या लय आवडल्या.

पहिल्या दिवशी म्हणाल्या, "नाचून दाखव." मी नाचले, अगदी जीव तोडून. त्या म्हणाल्या, "छान. नाचणाऱ्या पुष्कळ मिळतात. मला बसवणारी पाहिजे." आणि माझ्या पुढ्यात मूठभर चिंचोके टाकले. आबा, चिंचोक्यांवर नाच बसवतात हो! फरशीवर खडूनं चौकोन आखायचा, तो रंगमंच. एक चिंचोका म्हणजे एक माणूस. कोण कुठून आला, कुणाच्या मागून निघाला, कुणाची पाठ कुणाकडं, सगळं चिंचोके सरकवून आधी ठरवायचं. पंधरा दिवस बाईंनी मला पाय हलवू दिला नाही. शेवटी मी भाजलेले शेंगदाणेसुद्धा ताटलीत रांगेनं मांडून खायला लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "आता लागण झाली खरी."

आता मुद्द्याचं. गुरुजी, हे आणखी मोठ्यानं.

चैत्रात बिरोबाच्या जत्रेत जे झालं, ते लोकांसमोर झालं, एवढं माझं चुकलं. चाळीस गडी गजी नाचायला रिंगणात, मधी तुम्ही ढोल घेऊन, आणि मी बायकांच्या बाजूला गाडीच्या जुवावर चढलेली. ढोलाच्या दोन घाया फिरत नाचायच्या, तिसऱ्या घाईला सगळे एका गुडघ्यावर बसतात आणि सोळा ठोके झाले की एकदम उठून गिरकी घेतात. लहानपणापासून बघतेय मी. तुम्ही अठरा वाजवलेत. माझ्या तोंडून गेलं, "आबा, दोन जास्ती झालं!" सनई थांबली, लोक हसले, रिंगण मोडलं. तुम्ही गळ्यातला ढोल काढून देवळाच्या पायरीवर ठेवलात आणि घरी गेलात. त्या दिवसापासून ढोलाला हात नाही आणि माझ्याशी शब्द नाही. मी निघाले तेव्हा आईनं भाकरी बांधल्या, तुम्ही लोकर कातत बसलात. नको म्हणाला नाहीत म्हणून मी आले.

ओरडायला नको होतं. पण मोजणी माझी बरोबर होती, आबा. ती मी मागं घेणार नाही.

तुमची,
अंजना


सांगली, २४ सप्टेंबर १९७८

आबा,

गुरुजींचं कार्ड मिळालं. तीन ओळींचं. "पत्र वाचले. भाऊसो शेवटपर्यंत बसून होते. हातातली चाती मात्र फिरतच होती." म्हणजे लोकर कातत ऐकलंत. चालेल. उठला तर नाहीत.

आता जे सांगणार आहे त्यानं तुमच्या नाकाला मिरच्या झोंबणार आहेत. जानेवारीत साताऱ्याला लोकनृत्याची स्पर्धा आहे. उमेदवारानं स्वतः बसवलेला नाच तिथं लावायचा. तो बघून मंडळ ठरवणार, दुसरं वर्ष द्यायचं की गाठोडं बांधून घरी पाठवायचं. बाईंनी विचारलं, "काय बसवणार?" मी म्हणाले, "गजी."

म्हणा. म्हणून टाका. "गजी देवाम्होरं करायचा, पडद्याम्होरं न्हाई." मलाही कळतं ते. पण आबा, मला दुसरं काय एवढं येतं? चालता येत नव्हतं तेव्हा तुमच्या ढोलाच्या दोरीला धरून उभी राहिले, असं आईच सांगते. रिंगणात बाईमाणसाला जागा नाही, म्हणून बाहेरून बघत राहिले, आणि बाहेरून जेवढं दिसतं तेवढं आत नाचणाऱ्याला कधी दिसत नाही. मी नाचणार नाहीच आहे. मी बसवणार आहे.

गडी मिळालेत आठ. सगळे आपल्याच बाजूचे, जत-आटपाडीकडचे, हळदीच्या बाजारात हमाली करणारे. सकाळी सहाला, सौदे सुरू व्हायच्या आत, रिकाम्या गोदामात तालीम. तालमीवरून येते तेव्हा मी भंडारा उधळल्यासारखी पिवळी असते. पहिल्या दिवशी त्यांच्यातला सिद्धू म्हणाला, "पोरगी आमाला गजी शिकवनार व्हय?" सगळे दात काढायला लागले. मी म्हणाले, "शिकवत न्हाई. तुमी नाचा, मी चुका सांगते." नाचले. मी पाठ करून उभी राहिले आणि नुसत्या पायांच्या आवाजावरून कुणाचा पाय कधी मागं पडला ते नावानिशी सांगितलं. सिद्धू म्हणाला, "आयला, ही भाऊसो ढोलवाल्याची हाय का रं?" आबा, तुमचं नाव इथं गोदामातसुद्धा चालतं. मग गुमान कामाला लागले.

पण एक कोडं पडलं होतं. आपल्याकडं रिंगण, मधी ढोल, लोक चहूकडं. रंगमंचावर लोक एकाच बाजूला. रिंगण केलं तर निम्म्यांची पाठ दिसते, आणि मधला ढोल दिसतच नाही. बाई म्हणाल्या, "ढोल बाजूला पडद्याआड ठेव, सगळ्यांची तोंडं पुढं कर." करून बघितलं. आठच्या आठ लाकडासारखे झाले. ढोल दिसल्याशिवाय त्यांना पाऊल उचलताच येईना! मग मी तीन दिवस चिंचोके घेऊन बसले. शेवटी रिंगण पुढच्या बाजूनं उघडलं, घोड्याच्या नालासारखं, आणि ढोल मागं मधोमध उंच चौरंगावर. गड्यांना ढोल दिसतो, लोकांना गडी दिसतात. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि "बरं" म्हणाल्या. बाई "बरं" म्हणाल्या म्हणजे दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते.

ढोल वाजवायला गुंडा मास्तर मिळालेत. बँडमध्ये असतात. हात घड्याळासारखा. सोळा म्हणजे सोळा.

अंजना


सांगली, १५ ऑक्टोबर १९७८

आबा,

दसरा झाला. सोनं लुटायला इथं कुणी ओळखीचं नव्हतं, बाईंच्या पाया पडले.

गुरुजींनी लिहिलंय, यंदा दसऱ्याला वाडीत गजी झालाच नाही. तुम्ही ढोल घेतला नाहीत आणि धुळा आप्पा फेटा बांधून आलेच नाहीत. तुमचं कारण मला ठाऊक आहे, मीच ते. पण आप्पांना काय झालं? तुमचे ते लहानपणापासूनचे सोबती, रिंगणातला पहिला गडी. त्यांच्या मागं सगळं रिंगण फिरतं. तापानं आजारी पडले होते तेव्हाही ते दसऱ्याला उभे राहिले होते. गुरुजी, त्यांना म्हणावं, आटपाडीला जाऊन औषध घ्या, अंगावर काढू नका.

आणि आबा, एका पोरीच्या ओरडण्यावरून देवाचा गजी बंद पाडणं, हे काही मला पटलं नाही. एवढा राग बरा नव्हे. तुमच्यावरच गेलेय मी रागात, म्हणून सांगते.

अंजना


सांगली, २७ नोव्हेंबर १९७८

आबा,

काल इस्लामपूरला आमचा पहिला प्रयोग झाला. साताऱ्याच्या आधी लोकांपुढं एकदा उभं राहावं म्हणून बाईंनी ठरवला होता. गर्दी चिक्कार होती. ऊसतोडीचे दिवस, गाड्याच्या गाड्या थांबवून लोक आले होते. कार्यक्रम बरा झाला.

थंडी पडलीय. आईला म्हणावं, माझं घोंगडं कुणी येणार असेल तर पाठव.

अंजना


सांगली, ३० नोव्हेंबर १९७८

गुरुजी,

ह्या पाकिटात दोन कागद आहेत. पहिला आबांना घरी, एकट्यांना वाचून दाखवा. हळू आवाजात. वाचून झाला की चुलीत घाला. दुसरा बिरोबाच्या कट्ट्यावर, सगळे जमल्यावर, होईल तेवढ्या मोठ्यानं. धुळा आप्पा कट्ट्यावर असल्याशिवाय सुरू करू नका. अदलाबदल झाली तर मी तुम्हाला जन्मात माफ करणार नाही, आणि तुम्हाला माझा आवाज माहीत आहे.

पहिला कागद

आबा,

इस्लामपूरला कार्यक्रम बरा झाला असं मी लिहिलं. खोटं लिहिलं. हसं झालं आमचं.

सिद्धूच्या पायावर त्याच आठवड्यात हळदीचं पोतं पडलं होतं. पठ्ठ्यानं कुणाला सांगितलं नाही. दोन घाया कशाबशा काढल्या. तिसऱ्या घाईला सगळे गुडघ्यावर बसले. मी बाजूला उभी राहून मोजत होते. गुंडा मास्तरांनी सोळा वाजवले, बिनचूक, आणि सातजण उठून गिरकीला निघाले. सिद्धू खालीच. शेजारचा त्याच्या अंगावर आपटला, त्याच्यावर तिसरा. लोकांनी शिट्ट्या घातल्या. एकजण ओरडला, "उठवा रं त्याला, ऊस तोडायचाय!"

आत आल्यावर मी सिद्धूला घालून पाडून बोलले. तो बिचारा पाय धरून बसला होता. बाईंनी मला बाजूला बोलावलं.

"तो पडायच्या आधी तू कुठं बघत होतीस?"

"मोजत होते, बाई. सोळा बरोबर होते."

"सोळा बरोबर होते, आणि माणूस खाली होता," बाई म्हणाल्या. "मग काय बरोबर होतं?"

एसटीत बसले आणि इस्लामपूर ते सांगली नुसतं तेच डोक्यात. सिद्धू गुडघ्यावर बसलेला, उठायला धडपडणारा. आणि एकदम मला चैत्रातलं दिसलं. तुम्ही ढोल वाजवताना कधी ढोलाकडं बघत नाही, आकाशाकडं बघत नाही. मान खाली असते. मला वाटायचं, देवापुढं वाकलेले असता. तुम्ही पाय बघत असता. आणि त्या दिवशी तुमची नजर एकाच पायावर होती, धुळा आप्पांच्या. उजव्या. आप्पांचा गुडघा गेलाय. ते उठेस्तोवर तुम्ही दोन ठोके थांबलात. आप्पांचा पाय सुटला तेव्हाच ढोलानं गिरकी दिली, आणि चाळीस गडी एकदम उठले. कुणाला काही कळलं नाही. आप्पांनासुद्धा नाही.

किती वर्षं चाललं होतं हे? दोन? चार? आणि मी गाडीच्या जुवावर चढून ओरडले, दोन जास्ती झालं. तुमची चूक काढायला गेले आणि आप्पांचा गुडघा सगळ्या जत्रेपुढं उघडा केला. लोक तुम्हाला हसले. पण आप्पांना कळलं. ढोल आपल्यासाठी थांबतोय, हे त्यांना तिथं, त्या क्षणाला कळलं. म्हणून ते दसऱ्याला आले नाहीत. आणि मी इथनं त्यांना औषध घ्या म्हणून सांगतेय! लाज वाटते मला, आबा. लय लाज वाटते.

तुम्ही माझ्यावर रागावलात ते तुमच्या अपमानासाठी नाही. एवढं कळायला मला आठ महिने आणि एक पोतं लागलं.

आता आप्पांना परत उभं करायचं तर एकच वाट मला दिसते. ती दुसऱ्या कागदात आहे. ऐकताना तुम्ही काही बोलू नका. मान खाली ठेवा, नेहमीसारखी.

दुसरा कागद

बिरोबाच्या कट्ट्यावर जमलेल्या सगळ्या वडीलधाऱ्यांना, भाऊसो ढोलवाल्याच्या अंजनाचा नमस्कार.

चैत्रातल्या जत्रेत मी ओरडून माझ्या बापाची चूक काढली. दोन ठोके जास्ती वाजवले म्हणाले. इथं सांगलीला मी मोजायचं रीतसर शिकले, तेव्हा कळलं की मोजताना चुकले ती मीच. सुरुवातीचे दोन ठोके दुसऱ्या घाईचे होते, ते मी तिसरीत धरले. आबांनी सोळाच वाजवले होते. ढोल कुणासाठी थांबला नव्हता आणि पुढं पळाला नव्हता. माझ्या आगाऊपणानं देवाचं रिंगण मोडलं. आबांनी, धुळा आप्पांनी आणि सगळ्या गड्यांनी मला माफी करावी. मोजता येत नसताना तोंड उघडणाऱ्या पोरीला हसायचं असेल त्यांनी आता हसून घ्यावं.

अंजना


सांगली, ६ जानेवारी १९७९

आबा,

गुरुजींचं कार्ड आलं. ते मी इतक्यांदा वाचलं की घडीवर फाटलं. "दुसरा कागद वाचला. धुळा आप्पा उठून उभे राहिले व म्हणाले, 'मी म्हनतच हुतो, पोरीचंच चुकलं आसनार. भाऊसोचा हात चुकंल व्हय?' सर्व जण खूप हसले. तुझी चांगलीच टर उडवली. भाऊसोंची चाती थांबली होती."

हसू देत. मला एवढंच पाहिजे होतं. खरं सांगायचं तर मोजणीत चुकले हे लिहिताना तीन कागद फाडले. माझ्याकडं मिरवायला तेवढंच होतं ना, आबा!

आता माझं काम. सिद्धूचा पाय बरा झालाय. गुंडा मास्तरांना मी सांगून बघितलं, "मास्तर, पायाकडं बघा, पाय उठला की वाजवा." ते म्हणाले, "मी बँडचा माणूस. नवरदेव पडला तरी माझा ठेका थांबत नाही." चांगले आहेत, पण त्यांना ते येणार नाही, आणि पंधरा दिवसांत शिकवता यायचं नाही. बाई म्हणतात, "तुझा नाच उभा आहे, पोरी, पण त्याला जीव ढोलानं येणार." साताऱ्यात परत कुणी पडलं तर दुसरं वर्ष विसरायचं. एवढी साधी गोष्ट आहे.

स्पर्धा २१ तारखेला, रविवारी. आमची एसटी पहाटेच सांगलीहून निघते, उंब्रजला आठच्या सुमारास थांबते. तिथनं सातारा तासाभराचं.

मी या म्हणत नाही. देवाचा ढोल पडद्यापुढं आणा असं सांगायची माझी लायकी नाही.

नाही, म्हणते. खोटं कशाला बोलू? या, आबा.

अंजना


सांगली, २३ जानेवारी १९७९

आबा,

परवाच भेटलो आणि लगेच पत्र कसलं, असं आई म्हणेल. पण तुम्ही बोलला किती? मोजून (बघा, सवय जात नाही) सात-आठ वाक्यं. मला त्याहून जास्ती सांगायचंय. गुरुजी, हे पत्र घरीच वाचा. कट्ट्यावर नको.

उंब्रजला गाडी थांबली तेव्हा मी खिडकीतून बघायचंच नाही असं ठरवलं होतं. मनाची तयारी केली होती. सिद्धूच ओरडला, "अंजनाक्का, त्यो बघा कोन!" स्टँडच्या कठड्यावर तुम्ही दोघं, तुम्ही आणि धुळा आप्पा, आणि मधी घोंगड्यात गुंडाळलेला ढोल, तिसरा माणूस बसल्यासारखा. कंडक्टर म्हणाला, "ढोलाचं लगेज पडंल." तुम्ही म्हणालात, "त्यो मांडीवर बसंल." आणि माझ्याकडं न बघता पुढच्या सीटवर जाऊन बसलात.

आप्पांनी मात्र साताऱ्यापर्यंत माझी सालटी काढली. "काय गं मोजनीवाले, आता तरी धड मोजाय शिकलीस का? दोन-दोनदा सोळा म्हंजी किती, सांग बगू." सगळी एसटी हसत होती. मी म्हणाले, "शिकतीय आप्पा, अजून शिकतीय." बाई खिडकीकडं तोंड करून हसल्या. त्यांना सगळं ठाऊक आहे.

मांडवामागं आम्ही तयार होत होतो, तेव्हा आप्पांनी पिशवीतनं फेटा काढला. "मी बी हुबा ऱ्हातो." गुंडा मास्तरांनी माझ्याकडं बघितलं, सिद्धूनं माझ्याकडं बघितलं. आठांचा नाच पाच महिने बसवलेला, आणि आमचं नाव पुकारायला अर्धा तास. बाईंनी बटव्यातनं एक चिंचोका काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. "बसव," म्हणाल्या. बस्स, एवढंच.

आबा, मी भ्याले नाही. तुम्हाला वाटेल बढाई मारते, पण खरंच भ्याले नाही. मातीतच नाल आखला. आठजणांना अर्धं अर्धं पाऊल सरकवलं. आप्पांना उजव्या टोकाला पहिल्या जागी ठेवलं. मान मिळाला म्हणून आप्पा खूश. पण ती जागा मी का दिली ते तुम्हाला चौरंगावर चढल्याबरोबर कळलं, हे मी बघितलं. तिथनं त्यांचा उजवा पाय तुम्हाला सरळ दिसत होता, आड कुणी नव्हतं. तुम्ही एकदाच माझ्याकडं मान वळवलीत. नऊ महिन्यांनी. मग ढोलावर हात पडला.

तो आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकत होते. माझ्या मागं एक पोलीस उभा होता, तो पायानं ठेका धरायला लागला. पहिली घाई गेली, दुसरी गेली. गुंडा मास्तर ढोल सोडून कैताळाच्या झांजा घेऊन तुमच्या शेजारी, आणि तुम्ही मान खाली घालून काय बघताय ते शोधत होते. तिसऱ्या घाईला नऊजण गुडघ्यावर बसले. माझे ओठ आपोआप हलायला लागले, एक, दोन, तीन. मी ओठ दातांनी दाबून धरले आणि आप्पांच्या टाचेकडं बघत राहिले. ती टाच हलली, परत टेकली, परत हलली, आणि उठली. त्याच वेळी ढोल कडाडला. नऊजण उठले, नऊ फेटे फिरले, रुमाल वर गेले. मांडवातली माणसं उभी राहिली हो! मी तिथंच, बाजूला, खांबाला धरून रडले. कुणी बघितलं नाही, बाईंनी सोडून.

आपला नंबर दुसरा आला. परीक्षकांचा शेरा बाईंनी मला वाचायला दिला. "रचना उत्कृष्ट. मात्र तिसऱ्या आवर्तनात ठेका काहीसा लांबला. एक गुण कमी." त्यांच्यातलाही कुणीतरी मोजत होता! बाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी तोंड उघडलं नाही. पहिला नंबर एका गुणानं गेला आणि मी तोंड उघडलं नाही, आबा. माझ्यासारखीनं.

मंडळानं दुसरं वर्ष दिलं. आज कागद आला. चिंचोक्यांचा बटवासुद्धा बाईंनी माझ्या हवाली केला.

चैत्रात जत्रेला मी येणार आहे. बायकांच्या बाजूलाच उभी राहीन. गप्प.

आणि साताऱ्याच्या स्टँडवरचं. आप्पा पुढं जाऊन जागा धरत होते. तुम्ही पायरीवर एक पाय ठेवून थांबलात आणि खालच्या आवाजात विचारलंत, "तिसरीला किती झालं?"

मी म्हणाले, "मोजलं न्हाई, आबा."

तुम्ही ढोल काखेत सारखा केलात. म्हणालात, "वीस. गुडगा लय गेलाय त्याचा." आणि चढलात. गाडी सुटेपर्यंत खिडकीतनं हात बाहेर ठेवला होता, तो मी बघितला.

बाईंची रीत अशी की प्रयोग झाला की उमेदवारानं नाच जसा झाला तसा वहीत उतरवायचा, पुढच्यांना शिकायला. आज सकाळी मी गजी उतरवला. कोण कुठं, कुणामागं कोण, सगळं. तिसऱ्या घाईपाशी आल्यावर मी सोळा लिहिलंय. खाली सही केलीय.

गुरुजी, वीसचं कुणाला बोलू नका. आप्पांनी विचारलं तर वही दाखवते म्हणावं.

तुमची,
अंजना